अंगात ताकद नाही, तरी पोरांचा व्यायाम का थांबत नाही?

१८६६ साली लंडनच्या गाइज हॉस्पिटलचे डॉक्टर विल्यम गल यांच्याकडे १७ वर्षांची एक मुलगी आणली होती. पार खंगलेली, खाणं जवळजवळ बंद, पाळी गेलेली, नाडी मंद, आणि तरी कुठे दुखत-खुपत नाही म्हणायची, उलट सारखी चुळबुळ, एका जागी बसायलाच तयार नाही. पुढे १८७४ मध्ये गल यांचा ॲनोरेक्सिया नर्व्होसावरचा, म्हणजे वजन वाढायच्या भीतीने खाणं तोडण्याच्या आजारावरचा, लेख छापून आला, त्यात त्यांनी ही गोष्ट मुद्दाम नोंदवली की इतकं सुकलेलं शरीर एवढी हालचाल करतंय यावर विश्वास बसत नाही.

आज आपल्याकडे हेच सगळं चालतं, फक्त मनगटावर फिटनेस बँड असतो. पहाटे धावणं, संध्याकाळी डान्स क्लास, रात्री खोलीची कडी लावून क्रंचेस, अभ्यास पण उभ्याउभ्याच, जेवताना भात नको, तूप नको, पोळी अर्धी. आणि घरी आलेला प्रत्येक जण म्हणतो, काय डिसिप्लिन आहे हो तुमच्या मुलीला! मला या कौतुकाचीच सगळ्यात जास्त भीती वाटते, कारण ईटिंग डिसऑर्डर, म्हणजे खाण्याशी जोडलेला मानसिक आजार, असलेल्या मुलांमध्ये हा व्यायाम बऱ्याचदा निश्चयाचा भाग नसतोच, तो आजाराचा भाग असतो, आणि त्यामागे शरीराची यंत्रणा आहे.

ती यंत्रणा उंदरांमध्ये फार स्पष्ट दिसते. १९६७ मध्ये रूटेनबर्ग आणि कुझनेसोफ या दोन संशोधकांनी उंदरांना दिवसातून फक्त एक तास खायला दिलं. एवढ्यावर उंदीर जगतात, थोडे बारीक होतात आणि मग सावरतात. पण पिंजऱ्यात पळायचं चाक लावलं की सगळंच बिघडतं, उंदीर रोज आदल्या दिवसापेक्षा जास्त पळायला लागतात, खायच्या वेळेच्या आधी तर सगळ्यात जास्त, आणि समोर अन्न असूनही कमी खातात, वजन घसरत जातं, आणि वेळेत बाहेर काढलं नाही तर मरतात. त्या उंदराला ना आरशात बघायचंय, ना इन्स्टाग्रामवर फोटो टाकायचाय. नुसती उपासमार आणि पळायची सोय एवढ्यावरच हे चक्र सुरू होतं, आणि कोवळ्या वयाचे उंदीर त्यात लवकर अडकतात.

याचा एक धागा लेप्टिनपर्यंत जातो. हे चरबीच्या पेशींमधून येणारं हार्मोन, शरीरात साठा किती आहे ते मेंदूला सांगणारं. चरबी घटली की लेप्टिन पडतं, आणि काही संशोधकांच्या मते मेंदू त्याचा अर्थ असा लावतो की इथलं अन्न संपलं, आता ऊठ आणि शोधायला निघ. २००० साली जर्मनीतल्या संशोधकांनी उपाशी उंदरांना लेप्टिन दिलं तेव्हा त्यांचं ते वेड्यासारखं पळणं थांबलं. ॲनोरेक्सिया असलेल्या किशोरवयीन मुलींमध्येही लेप्टिन जितकं कमी तितकी अस्वस्थता जास्त, असं दिसलेलं आहे.

मग उपाशी राहिलेला प्रत्येक माणूस पळत का सुटत नाही? १९४४-४५ मध्ये अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात ॲन्सेल कीज या संशोधकाने ३६ निरोगी तरुणांना सहा महिने अर्धपोटी ठेवलं होतं, त्यातले बहुतेक थकून गेले, जिना चढणंही नकोसं झालं. म्हणजे काही जणांची घडणच वेगळी असणार. २०१९ मध्ये ॲनोरेक्सियाच्या जवळपास १७ हजार रुग्णांच्या जनुकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात या आजाराचा धोका आणि शारीरिक हालचालीचं प्रमाण यांच्यात जनुकांच्या पातळीवर नातं सापडलं. म्हणून आईवडिलांनी "आमचं कुठे चुकलं" हे घोकत बसू नये असं मला मनापासून वाटतं.

आता शरीराचं काय होतं ते बघा. पगार अर्धा झाला की घरात आधी सहल बंद होते, मग नवे कपडे, तसंच शरीरही एकेक खर्च कापत जातं, पाळी थांबते, हातपाय गार पडतात, उंची वाढायची थांबते, हृदय हळू चालतं. इथे मोठी गल्लत होते. नाडी ४८ आली की लोक म्हणतात ॲथलीटचं हृदय आहे! पण चांगल्या धावपटूची नाडी खोलीत चार पावलं टाकल्यावर फारशी वाढत नाही, कुपोषित मुलाची मात्र एकदम उसळते. खाणं आणि वजन घटलेल्या मुलाची नाडी दिवसा जागेपणी ५० च्या खाली असेल तर हॉस्पिटलमध्ये ठेवायचा विचार करा, असं अमेरिकेतल्या किशोरआरोग्य तज्ज्ञांच्या गाइडलाइन्स सांगतात.

हाडांचं तर फारच वाईट वाटतं. हाडांचा साधारण ९० टक्के साठा विशीच्या आत तयार होतो, आणि नेमक्या त्याच वर्षांत पाळी बंद म्हणजे हाडांना लागणारं इस्ट्रोजेन हे हार्मोन पुरेसं नाही. एरवी धावण्याने हाड मजबूत होतं, पण पोटात अन्न नसताना तेच धावणं नडगीत किंवा पावलात बारीक फ्रॅक्चर करतं.

मुलग्यांमध्ये हे अजून उशिरा कळतं कारण तिथे बारीक व्हायचं नसतं, स्नायूंचे कट्स हवे असतात, जिम आणि प्रोटीन पावडर बघून कुणाला शंका येत नाही. आणि पोरगं हडकुळं दिसत नाही म्हणजे ठीक असेल असंही नाही, आधी जाड असलेल्या मुलाचं वजन झपाट्याने उतरलं तरी नाडी आणि बीपी तितकंच बिघडू शकतं.

खेळाडू मुलं तासन्‌तास सराव करतातच, म्हणून तास मोजून काही कळणार नाही, व्यायाम चुकला तर काय होतं ते बघा. ताप आहे, पाय सुजलाय, घरात लग्न आहे, तरी करायचाच, आणि नाही झाला तर रडारड किंवा त्या दिवशी जेवणच नाही, अपराधी वाटतं म्हणून दुसऱ्या दिवशी दुप्पट, असं असेल तर डॉक्टरकडे जायची वेळ झाली.

उपचारात सुरुवातीला व्यायाम बहुतेक वेळा थांबवतात. १९८० च्या दशकात लंडनच्या मॉडस्ली हॉस्पिटलमध्ये विकसित झालेल्या पद्धतीत काय आणि किती खायचं हे काही काळ आईवडील ठरवतात, मुलांशी वाद न घालता आणि दोष न देता, शेजारी बसून. नाडी आणि वजन सावरलं की व्यायाम परत येतो, पण हळूहळू आणि देखरेखीखाली, शक्यतो मित्रमैत्रिणींसोबतचा खेळ, मनगटावर बँड नाही. एक मात्र नक्की लक्षात ठेवा, फार वजन उतरलेल्या मुलाला घरच्या घरी एकदम भरपूर खायला घालायला जाऊ नका, रक्तातलं फॉस्फेट अचानक पडून हृदयावर बेतू शकतं, आधी डॉक्टर.

डॉक्टरकडे गेलात की झोपून आणि उभं राहून, दोन्ही वेळा नाडी आणि बीपी मोजायला सांगा, ईसीजी, पोटॅशियम, फॉस्फेट विचारा, पाळी कधीपासून नाही ते सांगा, आणि व्यायामाचं स्वतःहून सांगा कारण पोरं सांगत नाहीत. रक्ताचे रिपोर्ट या आजारात बरेचदा नॉर्मल येतात, तेवढ्यावर घरी परतू नका, वर्षभरापूर्वीचं वजन आणि उंची लिहून न्या. कुठून सुरुवात करावी तेच कळत नसेल तर टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा सरकारी नंबर आहे, फुकट, मराठीतून बोलता येतं.