नेव्हल विंग: साताऱ्या-सांगलीतल्या मुलांची अडचण कुठून आली

शाळा सुरू झाल्या की आठवीच्या वर्गात एनसीसीसाठी नावं घेतात, आणि काही घरांत हमखास विषय निघतो: आपल्याला नेव्हीची एनसीसी मिळेल का? ते मुलाच्या आवडीवर ठरत नाही. शाळेला किंवा कॉलेजला जी शाखा मंजूर असेल तीच मिळते, आणि आपल्याकडे ती बहुतेक आर्मीची असते.

अठराव्या शतकात कोकणच्या आरमाराच्या सरखेलीची, म्हणजे आरमारप्रमुखपदाची, वस्त्रं साताऱ्याच्या गादीकडून जात. त्याचा अभिमान आहेच, पण आजच्या अर्जाची गोष्ट 1948 पासूनची. त्या वर्षी जुलैत एनसीसी उभी राहिली ती भूदलाच्या साच्यात. मुलींचा विभाग 1949 मध्ये आला, हवाई शाखा 1950 मध्ये, नौदलाची 1952 मध्ये. नेव्हलला परेडचं मैदान पुरत नाही. वल्हवणं, शीड सांभाळणं, दोरांच्या गाठी, हातातल्या झेंड्यांनी संदेश देणं, हे शिकवायला होड्या लागतात आणि नौदलातली माणसं लागतात. ती मुंबईत होती. आपल्याकडे होती ती पलटणीची परंपरा: पहिल्या महायुद्धात साताऱ्याजवळच्या एकट्या अपशिंगे गावाचे 46 जवान कामी आले, आणि 1961 मध्ये देशातली पहिली सैनिक शाळा साताऱ्यात निघाली. पुढे 1963 ला कॉलेजात एनसीसी सक्तीची झाली, 1968 ला ती पुन्हा ऐच्छिक झाली. सक्तीच्या काळात आकडा भरायचा होता, आणि तो पायदळाच्या कवायतीनंच लवकर भरतो. खाकीचा पाया तिथं पक्का झाला असं मला वाटतं.

खरा घोळ मात्र 'विंग' या शब्दाचा आहे. मिरजेतल्या ओळखीच्या एका मुलीचं नाव निवड यादीत लागलं, पुढं 'जेडब्ल्यू' असं लिहिलेलं. शेजारच्या मुलापुढं 'जेडी'. डब्ल्यू म्हणजे विंग एवढं तिला कुणीतरी सांगितलं आणि तिनं ते नेव्हल विंगशी जोडलं. वहीच्या मागच्या पानावर पांढऱ्या गणवेशातलं स्वतःचं चित्र काढून ठेवलं. पंधरा दिवसांनी हातात पडला खाकी शर्ट आणि काळे लष्करी बूट. ती रडली नाही, पण ते पान तिनं फाडलं.

चूक तिची नव्हतीच. 1948 च्या कायद्यात तिन्ही विभागांना डिव्हिजनच म्हटलं आहे: सीनियर, ज्युनियर आणि गर्ल्स. नंतरच्या वापरात डिव्हिजन मुलांकडे राहिलं आणि मुलींना विंग हा शब्द आला. म्हणून शाळेतला मुलगा ज्युनियर डिव्हिजन, मुलगी ज्युनियर विंग. कॉलेजात तसंच एसडी आणि एसडब्ल्यू. आणि आर्मी, नेव्हल, एअर यांनाही विंगच म्हणतात. म्हणजे नौदल शाखेतली शाळकरी मुलगी ही नेव्हल विंगमधली ज्युनियर विंग! एकाच शब्दावर दोन ओझी. मराठीत तरी नौदलासाठी 'शाखा' आणि मुलींसाठी 'विभाग' एवढा फरक शाळांनी पाळावा. सूचना फलकावर एक ओळ जास्त लिहिली तर काय बिघडतं?

ऑगस्ट 2020 मध्ये 173 सीमावर्ती आणि किनारी जिल्ह्यांत एक लाख नवे कॅडेट घेण्याची घोषणा झाली, त्यांत एक तृतीयांश मुली, आणि किनारपट्टीवरच्यांना नौदल शिकवणार. सातारा रत्नागिरीला लागून असला तरी सह्याद्रीच्या अलीकडे, आणि सांगलीची सीमा कर्नाटकाशी. दोन्ही त्या व्याख्येबाहेर. पण इथं पाणी नाही असं कुणी म्हणू नये. कोयनेचा शिवसागर आहे, आणि सांगलीत कृष्णेवर होड्यांच्या शर्यती होतात तेव्हा दोन्ही काठ माणसांनी भरून जातात. वल्हं धरणारे हात इथं आहेतच.

इथं ती शाखा येईपर्यंत ज्याला नेव्हलच हवी त्यानं बारावीनंतर पुण्या-मुंबईचं कॉलेज निवडताना, प्रवेश घेण्याआधीच, तिथं कोणती शाखा मंजूर आहे ते विचारून घ्यावं.