हॅश ब्राऊन म्हणजे बिनमसाल्याची आलू टिक्की नाही हो

सुपरमार्केटच्या फ्रीझरमध्ये नाश्त्याचं काही नवीन पाकीट दिसलं की उचलून आणायचं, रविवारी तळायचं आणि मग ग्रुपवर निकाल लावायचा, हे आता घरोघरी चालू आहे. परोठे झाले, मोमो झाले, सध्या पाळी हॅश ब्राऊनची, म्हणजे बटाट्याच्या त्या कुरकुरीत वड्यांची. बर्गरवाल्यांच्या सकाळच्या मेनूतही तेच. आणि निकाल दरवेळी ठरलेला, "ठीके, टिक्कीच आहे, फक्त मसाला घालायला विसरलेत." काहीजण वर सल्ला पण देतात की त्यापेक्षा गाडीवरचं पॅटीस खा, स्वस्त पडेल. अहो पॅटीस खायचं तर पॅटीसच खा की, नको कोण म्हणतंय, पण हॅश ब्राऊन टिक्की समजून आणायचा, टिक्कीसारखा भाजायचा आणि मग टिक्कीसारखा लागला नाही म्हणून त्याच्याच नावाने शिमगा करायचा, हा कुठला न्याय?

टिक्की काय असते ते तुम्हाला सांगत बसत नाही. बटाटा उकडला, कुस्करला, मिरची-आलं-कोथिंबीर, कुठे मटार, बांधायला ब्रेडचा चुरा नाहीतर कॉर्नफ्लोअर, थापली, भाजली. रगडा पॅटीस, उपवासाचं पॅटीस, सगळी एकाच कुळातली. १९९६ मध्ये मॅकडोनल्ड्स भारतात आलं आणि त्यांचा आलू टिक्की बर्गर असा काही चालला की चपटं, सोनेरी आणि बटाट्याचं काहीही समोर आलं की आपण डोळे मिटून त्याला टिक्की म्हणतो. सगळा घोळ तिथूनच सुरू झाला असं माझं मत.

किरकोळ फरक आधी उरकतो. आकार: टिक्की गोल, हॅश ब्राऊन बहुतेक वेळा लांबट, पण तो त्रिकोणी पण मिळतो, तेव्हा आकारावर जाऊ नका. रंग: दोन्ही सोनेरी. मसाला: टिक्कीत असतो, हॅश ब्राऊनमध्ये मीठ आणि फारतर मिरपूड. उपवासाला चालतो का: पाकिटामागची यादी वाचा, मक्याचं पीठ, मिरपूड वगैरे निघतं, मग तुमचं तुम्ही ठरवा, मला त्या वादात ओढू नका.

आता मुद्द्याचा फरक. टिक्की कुस्करलेली असते, हॅश ब्राऊन किसलेला असतो. बस. ऐकायला फालतू वाटतं, "किसा नाहीतर कुस्करा, बटाटा तो बटाटाच." नाही ना! पुढचं सगळं, म्हणजे कसा तळायचा, का दाबायचा नाही, काय लावून खायचा, सगळं या एका गोष्टीवरून ठरतं.

बटाटा पूर्ण उकडून कुस्करला की त्याच्या पेशी सुट्या होतात, काही फुटतात, आतला स्टार्च बाहेर येतो आणि पाणी धरून बसतो. म्हणून तो गोळा चिकट होतो, हवा तसा थापता येतो, आत सारण भरता येतं. पण त्यामुळेच टिक्की आतून एकसंध असते, तेल आत शिरायला फट नाही आणि वाफ बाहेर पडायलाही नाही. कुरकुरीत होतो तो फक्त वरचा पापुद्रा, आत मऊ लगदा. टिक्की तशीच छान लागते, तिची मजाच ती आहे.

हॅश ब्राऊनचं गणित उलटं. कारखान्यात बटाटा सोलून गरम पाण्यातून काढतात, पूर्ण शिजवत नाहीत, गार करतात आणि मग त्याचा जाडसर कीस नाहीतर बारीक तुकडे करतात. त्यात थोडं बटाट्याचं किंवा मक्याचं पीठ, मीठ, रंग सारखा यावा म्हणून किंचित डेक्स्ट्रोज (एक प्रकारची साखर), साच्यात हलकं दाबलं, तेलातून जरा वेळ काढलं आणि गोठवलं. म्हणजे पाकिटातून तुमच्या हातात येतं ते अर्धवट शिजलेल्या किसाचं एक जाळं असतं. प्रत्येक काडी वेगळी, काड्यांच्या मधे फटी. गरम तेल त्या फटींतून आत जातं, वाफ त्याच फटींतून बाहेर येते, आणि म्हणून कुरकुरीतपणा नुसता वर न राहता दोन-तीन थर आत उतरतो. मधे थोडासा मऊ भाग उरतो, पण तिथेही काड्या दिसतात. ओळखायचं असेल तर सरळ मधोमध तोडून बघा. कडेला धागे लोंबताना दिसले तर हॅश ब्राऊन. सपाट लगदा दिसला तर टिक्की, मग मेनूकार्डावर काही का लिहिलेलं असेना. पुण्यातल्या एका कॅफेत 'इंग्लिश ब्रेकफास्ट'च्या प्लेटमध्ये मला चक्क जिऱ्याची टिक्की आली होती, हिरवी मिरची दिसत होती त्यात, आणि वेटर शांतपणे म्हणतो, सर हॅश ब्राऊनच आहे तो. प्लेटची किंमत मात्र पूर्ण इंग्लिश!

आता एकदा हे जाळं डोळ्यासमोर आलं की लोक काय काय घोळ घालतात ते आपोआप कळतं. पहिला म्हणजे आधी बाहेर काढून ठेवणे. आपल्याला सवय असते, फ्रीझरमधलं काहीही आधी "नॉर्मलला येऊ दे". टिक्की सुटली, मऊ झाली, तरी फार बिघडत नाही, परत हाताने थापता येते, तिच्यातला स्टार्च तिला धरून ठेवतो. हॅश ब्राऊनमधला बर्फ वितळला की पाणी काड्यांवर उतरतं, कारखान्यात तळून आलेलं वरचं कोरडं आवरण भिजतं आणि तेलात टाकलं की अर्धा सुटून कढईभर भुगा होतो. दगडासारखा कडक असतानाच तेलात टाकायचा. तडतड होईल, होऊ दे, फक्त वर लागलेला बर्फाचा चुरा आधी झटकून टाका नाहीतर तेल अंगावर उडेल.

दुसरा घोळ, उलथन्याने दाबणे. ही टिक्कीची सवय, तव्यावर टाकली की हात आपोआप दाबायला जातो. हॅश ब्राऊन दाबलात की फटी बंद. फटी बंद म्हणजे वाफ आत अडकणार, म्हणजे तुम्ही तेल आणि पैसे खर्च करून त्याची टिक्कीच बनवलीत, ती पण बिनमसाल्याची, आणि वर तक्रार तुमचीच. तिसरा, झाकण ठेवणे, कारण तेच. चौथा मायक्रोवेव्ह. त्याच्यावर मी बोलणार नाही, माझं बीपी वाढतं. पाकिटावर मायक्रोवेव्हचं चित्र नाहीये हे तरी बघत चला.

मग करायचं कसं? कढईत तेल चांगलं गरम, साधारण १७५ ते १८० अंश, थर्मामीटर नसेल तर किसाचा एक तुकडा टाका, लगेच बुडबुडे घेत वर आला पाहिजे. एकावेळी दोन-तीनच टाका, गोठलेला माल एकदम टाकला की तेल गार पडतं आणि मग हॅश ब्राऊन तेल पितो, आणि आपण म्हणतो किती तेलकट असतं हे परदेशी खाणं! एअर फ्रायरमध्ये २०० अंशाला बारा-पंधरा मिनिटं, एकावर एक न रचता, मधे एकदा उलटून. तव्यावर पण होतो, दोन चमचे तेल, मध्यम आच, खालची बाजू पक्की झाल्याशिवाय हलवायचा नाही. काढल्यावर जाळीवर ठेवा. ताटलीत पेपर नॅपकिनवर ठेवलात तर खालून घाम सुटतो आणि पाच मिनिटांत तळ मऊ. बर्गरवाल्यांकडे तो छोट्या कागदी पाकिटात उभा देतात, तिथेच खाऊन टाकायचा. पार्सल मागवून, पाऊण तास बंद पिशवीत ठेवून, मग ॲपवर एक स्टार देणाऱ्यांना काय बोलावं.

रंग सोनेरी झाला की थांबा हेही सांगून ठेवतो, "जरा लाल होऊ दे" करू नका. स्टार्चवाल्या पदार्थाला १२० अंशाच्या वर आच लागली की ॲक्रिलमाइड नावाचं घातक समजलं जाणारं रसायन तयार होतं, २००२ मध्ये स्वीडनमधल्या शास्त्रज्ञांनी ते दाखवून दिलं, आणि जितका गडद रंग तितकं ते जास्त. टिक्कीलाही हे लागू आहे, पण हॅश ब्राऊनला पृष्ठभाग जास्त म्हणून काळजी जास्त.

आता गंमत सांगू का, हॅश ब्राऊनचा खरा नातेवाईक आपल्या घरातच आहे आणि आपण त्याला सोडून भलत्याशीच नातं जोडतोय. बटाट्याचा कीस! उपवासाचा, तूप-जिरं-मिरची-दाण्याचं कूट घालून केलेला. तो सुद्धा किसलेलाच, तो सुद्धा काडी-काडी मोकळी राहिली तरच चांगला म्हणायचा, गिचका झाला तर घरातली मोठी माणसं नाक मुरडतात. फरक एवढाच की किसाला आपण झाकण ठेवून वाफ काढतो म्हणून तो मऊ राहतो, आणि हॅश ब्राऊनमध्ये सगळी धडपड वाफ घालवायची. पातेल्याच्या बुडाला लागलेली किसाची खरपूस खरवड आठवा, जिच्यासाठी भावंडांत मारामाऱ्या व्हायच्या. हॅश ब्राऊन म्हणजे नुसती ती खरवड. अमेरिकेत साध्या डायनरमध्ये तर तो बऱ्याचदा वडीच्या आकारात नसतोच, मोठ्या गरम तव्यावर सुटा कीस पसरून भाजतात. वॉफल हाऊस नावाच्या त्यांच्या साखळीत 'स्कॅटर्ड' म्हणून ऑर्डर द्यायची पद्धत आहे, म्हणजे तव्यावर पसरून दे. वडी ही फास्ट फूडची आणि फ्रीझरची सोय. त्याचाच धाकटा भाऊ टेटर टॉट, म्हणजे बटाट्याच्या तुकड्यांचा छोटा तळलेला गोळा, तो १९५३ मध्ये ओर-आयडा कंपनीने काढला, फ्रेंच फ्राईज कापून उरलेल्या बारीक तुकड्यांचं काय करायचं म्हणून. तिथेही तुकडेच, लगदा नाही.

म्हणून मसाला नाही ही तक्रार मला पटत नाही. मसाला नाही कारण तो नाश्त्याच्या प्लेटमध्ये अंड्याच्या बाजूला बसायला केलेला आहे, पापडासारखा, तोंडात काहीतरी कुरकुरीत पाहिजे म्हणून. एकटा तोच खायचा आणि मग फिका म्हणायचं याला अर्थ नाही. आणि कृपा करून त्याच्यावर हिरवी चटणी, दही, शेव घालून चाट करू नका. चाटला ओलं पेलणारी टिक्कीच पाहिजे, ती रगडा पिऊन सुद्धा उभी राहते. हॅश ब्राऊन दह्यात दोन मिनिटांत शरण येतो. फार तर केचप, तोही बाजूला. अंडं चालत असेल तर पिवळं वाहतं ठेवून हाफ फ्राय आणि शेजारी हा, यापुढे मला काही सुचत नाही. बर्गरमध्ये घालायचाच असेल तर टिक्कीच्या जागी नको, टिक्कीच्या वर घाला, कुरकुरीत थर म्हणून. हे मात्र जबरदस्त लागतं, करून बघा.

घरी करणाऱ्यांसाठी थोडक्यात, कारण 'घरच्या घरी हॅश ब्राऊन'च्या व्हिडिओंत निम्मे लोक कुकरला तीन शिट्ट्या काढून बटाटे कुस्करतात. झाली टिक्की, संपला विषय. बटाटा कच्चा किसा, जाड भोकाच्या किसणीने, एकदा धुवा आणि पंच्यात घालून दमदार पिळा, बटाट्यात ऐंशी टक्क्यांच्या आसपास पाणीच असतं. मग चमचाभर कॉर्नफ्लोअर, मीठ अगदी तळायच्या वेळी. किंवा अर्धा कच्चा उकडून, पूर्ण गार करून मग किसा, हे जास्त सोपं. मार्केट यार्डात इंदूर, आग्रा, तळेगाव असे बटाटे येतात त्यातला कोरडा, पिठूळ बघून घ्या, पाणचट नवा बटाटा नको. आणि बटाटे फ्रीजमध्ये ठेवलेले नकोत, थंडीत त्यातल्या स्टार्चची साखर होते आणि कीस आतून शिजायच्या आधी बाहेरून काळा होतो.

परदेशातल्या मंडळींसाठी एक वेगळीच सूचना. अमेरिकेत मॅकडोनल्ड्सच्या हॅश ब्राऊनच्या घटकांत बीफ फ्लेवर लिहिलेला असतो. शाकाहारी म्हणून बटाटा मागवणाऱ्या आपल्या लोकांना हे माहीत नसतं, आणि फ्राईज आणि हॅश ब्राऊनमधल्या याच फ्लेवरवरून तिथे खटला होऊन २००२ मध्ये कंपनीने माफी मागून एक कोटी डॉलर दिले होते. भारतातल्या फ्राईजमध्ये तसं काही नाही हे कंपनीने तेव्हाच सांगितलं होतं. तेव्हा मुलाकडे न्यू जर्सीला गेलेल्या काका-काकूंनी "बटाटाच तर आहे" म्हणून बिनधास्त खाऊ नये, यादी वाचावी. लंडनवाल्यांचा प्रॉब्लेम निराळा, तिथे २०२३ मध्ये इंग्लिश ब्रेकफास्ट सोसायटीने हॅश ब्राऊन इंग्लिश नाश्त्यात नकोच, त्यापेक्षा बबल अँड स्क्वीक ठेवा असं म्हटलं होतं. आणि ते काय असतं? उरलेला कुस्करलेला बटाटा आणि कोबी परतून केलेलं, म्हणजे बऱ्यापैकी टिक्कीच! म्हणजे हे भांडण तिकडेही आहे, फक्त त्यांना निदान आपण कशावर भांडतोय ते माहितीये.

विकत घेताना एकच बघा. पाकीट कानाशी धरून हलवा. आतले तुकडे सुटे खडखडले पाहिजेत. सगळा मिळून एकच ठोकळा झाला असेल किंवा आत बर्फाचा चुरा भरलेला असेल तर ते मधे कधीतरी वितळून परत गोठलंय, फ्रीझर उणे १८ ला असायला पाहिजे तो रात्री कोणीतरी बंद केला असणार. टिक्कीची चव एकवेळ त्याने फारशी बिघडणार नाही. हॅश ब्राऊनचं मात्र तिथेच परत ठेवा, आणि मागचं पाकीट काढायला लाजू नका, दुकानदार बघत असला तरी.