पार्श्वभूमी: मज्जातंतूतला गलका आणि त्यातला एकेक आवाज

सातपूरच्या एका कारखान्यात 1994 साली मामांचा उजवा हात पॉवर प्रेसखाली गेला. मनगटाच्या वर चार बोटांपर्यंत काढावा लागला. आजही ते म्हणतात, "बघ, मूठ वळतोय." कोपराखालच्या उरलेल्या भागावर हात ठेवला की कातडीखाली स्नायू खरंच वळतो. मेंदूचा हुकूम निघतो, मज्जातंतूतून खाली येतो, पण पुढे बोटंच नाहीत. तो हुकूम वाटेतच टिपता येईल का? आणि टिपला, तर अंगठ्याचा कोणता नि करंगळीचा कोणता, हे कसं ओळखायचं?

मज्जातंतूत वीज खेळते याची कुणकुण इटलीच्या गॅल्व्हानीनं बेडकांवर केलेल्या प्रयोगांपासूनची, म्हणजे अठराव्या शतकाच्या अखेरची. 1850 मध्ये जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झनं मज्जातंतूतल्या संदेशाचा वेग मोजला. तो सेकंदाला तीसेक मीटर भरला. संदेश क्षणार्धात पोचतो हा समज तिथेच मोडला.

खरी उकल झाली ती 1922 मध्ये, अमेरिकेतल्या सेंट लुईसला. अर्लँगर आणि गॅसर यांनी मज्जातंतूला एक झटका दिला आणि दूर अंतरावर उमटलेली लहर कॅथोड किरणांच्या पडद्यावर पाहिली. एका उंचवट्याऐवजी त्यांना एकामागून एक उंचवटे दिसले. श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारी त्र्यंबकला ब्रह्मगिरीची फेरी करणाऱ्यांना हे चटकन उमगेल. कुशावर्तापाशी सगळे एका घोळक्यात निघतात, पण पुढे तरणे पुढे सरकतात, म्हातारे मागे राहतात, रांग लांबत जाते. मज्जातंतू म्हणजे अनेक धाग्यांची जुडी; त्यातही जाड, वेष्टण असलेले धागे सेकंदाला 120 मीटरपर्यंत धावतात आणि बारीक, उघडे धागे जेमतेम एक मीटर. कोण कधी पोचलं यावरून कोण आलं ते सांगता येतं. या कामाला 1944 चं नोबेल मिळालं.

तरीही हा घोळक्याचाच हिशेब होता. एकट्या धाग्याचा आवाज ऐकला तो केंब्रिजच्या एड्रियननी. 1926 मध्ये झोटरमनबरोबर बेडकाच्या एका छोट्या स्नायूची पट्टी ते कापत गेले, कापत गेले, शेवटी ताण ओळखणारं एकच टोक उरलं. पुढे ब्राँकबरोबर त्यांनी मज्जातंतूचेच धागे तोडत आणले आणि लाऊडस्पीकर लावून उरलेल्यांची टकटक ऐकली. प्रत्येक ठोका सारख्याच उंचीचा, जोर वाढला की फक्त ठोके दाट होतात. मला या सगळ्या इतिहासातला हा शोध सर्वांत मोठा वाटतो. आजचं प्रत्येक यंत्र हेच ठोके मोजतं.

पण जिवंत माणसाचे धागे तोडून चालत नाहीत. 1965 च्या सुमारास स्वीडनमध्ये हागबार्थ आणि वॉल्बो यांनी टंगस्टनच्या अतिबारीक सुया कातडीतून मज्जातंतूत सरकवल्या. पहिले हात त्यांनी स्वतःचेच पुढे केले, याबद्दल मला त्यांचा फार आदर वाटतो.

सुई मात्र तासाभराची पाहुणी. कायमचं बसवायचं म्हणून 1970 च्या दशकात कॅनडात स्टाइन आणि सहकाऱ्यांनी कफ इलेक्ट्रोडवर काम केलं. कफ म्हणजे मज्जातंतूभोवती गुंडाळलेली, आत धातूचे संपर्क असलेली मऊ नळी. इजा कमी, पण पदरी पडणारा संदेश काही मायक्रोव्होल्टचा, आणि शेजारचा स्नायू त्याच्या शेकडो पट मोठ्यानं ओरडतो. मग मधल्या संपर्काची तुलना दोन्ही टोकांच्या जोडीशी करून बाहेरचा गोंगाट बराचसा खोडायची युक्ती निघाली. नंतर संपर्कांची ओळच लावून, वेगानुसार संदेश वेगळे काढण्याचे प्रयत्न झाले. म्हणजे पुन्हा ब्रह्मगिरीचंच गणित.

दुसरी वाट आत शिरण्याची. 2001 मध्ये युटाच्या संशोधकांनी मज्जातंतूसाठी तिरप्या उतरणीची सुयांची गादी पुढे आणली. शंभर सुया, सर्वांत आखूड अर्धा मिलिमीटर, सर्वांत लांब दीड. त्यामुळे वेगवेगळ्या खोलीवरचे धागे ऐकू येतात. एकाच सुईला दोनतीन धागे ऐकू आले तर ठोक्याच्या आकारावरून ते निवडतात. तांबट आळीत वाढलेला माणूस डोळे मिटूनही कोणाचा हातोडा ते सांगतो, तसंच काहीसं. अडचण वेगळीच आहे. शरीर सुईभोवती व्रणाचं आवरण चढवतं आणि काही महिन्यांत आवाज बुजत जातो.

म्हणून अलीकडे शल्यविशारदांनी उलटा विचार केला. शिकागोत कुइकेन यांनी तुटलेले मज्जातंतू दुसऱ्या स्नायूंना जोडले. मिशिगनमध्ये तुटलेल्या मज्जातंतूंच्या टोकांना स्नायूचा छोटा तुकडा गुंडाळतात. धागा त्यात रुजतो आणि मायक्रोव्होल्टची कुजबुज स्नायूच्या मोठ्या आवाजात ऐकू येते.

मामांची मूठ वळवणारा स्नायू कोपराखाली आहेच, तो माझ्या हाताला लागतो. करंगळी बाजूला नेणारा स्नायू मात्र तळहाताबरोबरच गेला. त्याचा हुकूम आणणाऱ्या मज्जातंतूच्या टोकाशी आता एक गाठ आहे. तिच्यावर टिचकी मारली की मामा हात झटकतात, "अरे, करंगळीत मुंग्या आल्या."