मध्यमवयीन कामगारांचे आरोग्य
साधारणपणे ४५ ते ६४ वर्षे वयाच्या, निरनिराळ्या व्यवसायांतील कामकऱ्यांच्या आरोग्याचा तौलनिक अभ्यास. वयाची खालची मर्यादा सर्वत्र एकच नाही. काही पाहण्यांत ती ३५, तर काहींत ४० धरलेली आढळते, त्यामुळे दोन पाहण्यांचे आकडे शेजारी ठेवण्यापूर्वी हा भेद तपासावा लागतो. तिशीनंतर शरीराची प्राणवायू वापरण्याची कमाल क्षमता दर दशकाला सुमारे १० टक्क्यांनी उतरत जाते, ओझ्याचे वजन आणि पाळीची लांबी मात्र तेवढीच राहते. शिवाय तरुणपणी छातीत गेलेल्या धुळीचे परिणाम पुष्कळदा याच सुमारास उघड होतात.

रोग्याला त्याचा धंदा विचारावा, हा आग्रह इटालियन वैद्य बेर्नार्दिनो रामात्सिनी यांनी १७०० मध्ये मोदेना येथे प्रसिद्ध केलेल्या व्यवसायजन्य रोगांवरील ग्रंथात धरला. त्याची वाढवलेली आवृत्ती १७१३ मध्ये निघाली. व्यवसायवार मृत्युमानाची पद्धतशीर सारणी मात्र इंग्लंडमध्ये विल्यम फार यांनी १८५१ च्या जनगणनेच्या आधारे केलेल्या कामापासून रुळली.

या सारण्या वाचताना मुख्य अडचण ‘निरोगी कामगार परिणामा’ची येते. नोकरीत असलेल्यांचे मृत्युमान सर्वसाधारण लोकसंख्येपेक्षा सहसा कमी भरते, कारण आजारी माणसाला मुळात कामावर घेतले जात नाही आणि कामावर असताना खचलेला माणूस ते काम सोडतो. ही संज्ञा १९७० च्या दशकाच्या मध्यास रूढ झाली असे दिसते. तिचे श्रेय बहुधा मॅकमायकेल यांच्या १९७६ मधील लेखाला दिले जाते, तर त्याच वर्षी फॉक्स व कॉलियर यांनी रासायनिक उद्योगातील कामगारांच्या अभ्यासात तिचे घटक वेगळे केले. कल्पना मात्र जुनी आहे. काही धंदे दुबळ्यांना दूर ठेवतात, काही त्यांना ओढून घेतात, आणि कष्टाच्या धंद्यातून अशक्त माणसे हलक्या कामाकडे सरकतात, हे विल्यम ओगल यांनी १८८५ मध्येच नोंदवले होते. त्यामुळे मूळ त्यांच्याकडे नेणे अधिक सयुक्तिक वाटते. मध्यमवयात यांपैकी दुसरी, म्हणजे काम सोडण्याची वाट विशेष दिशाभूल करते. अठ्ठेचाळिसाव्या वर्षी गुडघ्याने जवाब दिल्यावर गवंडी थापी खाली ठेवतो आणि फाटकापाशी पहारेकरी म्हणून बसतो. पुढे त्याचे दुखणे पहारेकऱ्यांच्या खात्यावर चढते आणि गवंडीकाम कागदावर आरोग्यदायी ठरते. म्हणून केवळ चालू व्यवसाय विचारणारी पाहणी या वयोगटासाठी अपुरी आहे. आयुष्यभराच्या कामांचा क्रमवार इतिहासच घ्यायला हवा.

निवड आणि परिणाम यांतील हा पेच लंडनच्या बसकामगारांवरील अभ्यासात स्पष्ट दिसतो. जेरी मॉरिस व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५३ मध्ये दाखवले की, ३५ ते ६४ वयाच्या पुरुषांमध्ये दिवसभर बसून असणाऱ्या चालकांपेक्षा दुमजली बसच्या जिन्यावरून सतत वरखाली करणाऱ्या वाहकांना हृदयविकार कमी होतो. पुढे १९५६ मध्ये त्यांनीच गणवेशाच्या विजारींची मापे तपासली, तेव्हा चालकांच्या कमरेचा घेर तरुण वयोगटातही जास्त निघाला. म्हणजे फरकाचा काही भाग माणूस कामावर येतानाच बरोबर घेऊन आला असावा. तरीही शारीरिक हालचालीचा लाभ पुढील संशोधनाने पुष्ट केला आहे. मात्र फुरसतीतील व्यायाम आणि कामावरचे दीर्घकाळचे, विश्रांतीविना होणारे कष्ट यांचा हृदयावरील परिणाम सारखा नसावा, या मताकडे अलीकडे कल आहे.

केवळ अंगमेहनतीनेच आरोग्य ठरत नाही. लंडनमधील ब्रिटिश सरकारी नोकरांवर १९६७ मध्ये सुरू झालेल्या व्हाइटहॉल अभ्यासातील ४० ते ६४ वयाचे पुरुष सर्व कार्यालयीन नोकरदार होते; तरी सर्वांत खालच्या श्रेणीतील मृत्युमान वरच्या श्रेणीच्या सुमारे तिप्पट आढळले. धूम्रपान, रक्तदाब इत्यादी ज्ञात कारणांनी या तफावतीचा निम्म्याहून कमी भाग उलगडतो. उरलेल्या भागासाठी रॉबर्ट कॅरासेक यांनी १९७९ मध्ये मांडलेला, कामाचा ताण जास्त पण ते कसे करावे याचा अधिकार कमी, हा विचार पुढे केला जातो.

कामाच्या तासांबाबत जागतिक आरोग्य संघटना व आंतरराष्ट्रीय श्रम संघटना यांच्या २०२१ मधील संयुक्त अंदाजानुसार, आठवड्याला ५५ वा अधिक तास काम करणाऱ्यांना ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत पक्षाघाताचा धोका सुमारे ३५ टक्के, तर हृदयविकाराने मृत्यूचा १७ टक्के अधिक असतो. रात्रपाळीचे काम २००७ मध्ये ‘बहुधा कर्ककारक’ या गटात घातले गेले व २०१९ मध्ये ते वर्गीकरण कायम राहिले.

फिनलंडमध्ये १९८१ पासून नगरपालिका कर्मचाऱ्यांचा ११ वर्षे पाठपुरावा झाला. त्यात वापरलेल्या कार्यक्षमता निर्देशांकाचे गुण ७ ते ४९ असून २७ पर्यंतचे गुण क्षीण क्षमता दर्शवतात. वरिष्ठांची वागणूक सुधारली आणि त्याच त्या हालचाली कमी झाल्या, तेथे निर्देशांक सुधारलेला आढळला.

स्त्रियांविषयीची जुनी सामग्री तुटपुंजी आहे. मॉरिस यांचा १९५३ चा अभ्यास व पहिला व्हाइटहॉल अभ्यास हे दोन्ही पुरुषांपुरते होते, आणि इंग्लंडच्या व्यवसायवार मृत्युसारण्यांत विवाहित स्त्रीची गणना दीर्घकाळ पतीच्या व्यवसायाखाली होत असे.