सिव्हिलच्या डेटावर स्टॅटिस्टिकल टेस्ट आणि कोरिलेशन

क्यूब फोडून आलेले आकडे, मातीच्या टेस्टचे रिझल्ट, चौकातल्या गाड्यांची मोजणी, नदीची दरवर्षीची सगळ्यात उंच पातळी, पावसाची नोंद, असा जो डेटा सिव्हिलवाल्यांकडे रोज जमत जातो त्यात खरा फरक किती आणि योगायोग किती हे तपासायच्या पद्धतींना स्टॅटिस्टिकल टेस्ट म्हणतात. दोन मोजमापं एकमेकांबरोबर कितपत हलतात ते सांगणारा आकडा म्हणजे कोरिलेशन, मराठीत सहसंबंध. कॉलेजात हा भाग गणिताच्या पेपरात येतो, त्यामुळे मुलांना तो काँक्रीटचा किंवा मातीचा विषय वाटतच नाही, आणि मग साइटवर गेल्यावर सगळा हिशोब सरासरीवर चालतो. इंदूरच्या एका टेस्टिंग लॅबमध्ये बरीच वर्षं काढल्यावर मला सगळ्यात जास्त काय सांगावंसं वाटतं तर हे, की आपल्या कामात सरासरीपेक्षा पसारा जास्त बोलतो, म्हणजे आकडे सरासरीच्या आजूबाजूला किती लांबवर विखुरलेत ते. आणि कोरिलेशन ज्या मातीतून, ज्या मालातून काढलं त्याच्या बाहेर ते फारसं चालत नाही.

क्यूब आणि त्याचा पसारा

आधी आकडा कसा जन्माला येतो ते बघू. १५० मिमीचा क्यूब, २८ दिवस पाण्यात तराई (इंदूरकडे क्युरिंगला मराठी घरांतसुद्धा तराईच म्हणतात), मग पुसून मशीनमध्ये ठेवायचा. तोंडाचं क्षेत्रफळ २२,५०० चौरस मिमी, म्हणजे ६७५ किलोन्यूटनला फुटला तर ताकद झाली ३० न्यूटन प्रति चौरस मिमी. लोड मिनिटाला साधारण १४० किलो प्रति चौरस सेंमी या वेगानेच चढवायचा असतो, म्हणजे असा क्यूब फुटायला दोन मिनिटांहून थोडं जास्त लागतं. काटा चढत जातो, आधी कोपऱ्यांवर बारीक तडे दिसतात, मग चारी बाजूंच्या खपल्या सुटतात आणि मध्ये डमरूसारखा आकार उरतो, तो नीट उरला की समजायचं क्यूब सरळ बसला होता. घाईत कोणी लोड भराभर चढवला तर रीडिंग जास्त येतं. म्हणजे त्या ३० मध्ये सिमेंट, रेती, गिट्टी, पाणी तर आहेच पण मशीनवर बसलेल्या माणसाचा हातही आहे.

म्हणून आयएस ४५६ (काँक्रीटसाठीचा भारतीय कोड) एका क्यूबवर विश्वास ठेवत नाही. एका सॅम्पलचे तीन क्यूब, तिघांची सरासरी म्हणजे एक रिझल्ट, आणि तिघांपैकी एखादा सरासरीपासून १५ टक्क्यांहून लांब गेला तर तो रिझल्ट धरायचाच नाही. इथे एक चूक फार जण करतात, ९० क्यूब एक्सेलमध्ये टाकतात आणि म्हणतात आमच्याकडे ९० रीडिंग आहेत. नाहीत, ३० आहेत. एकाच घमेल्यातून भरलेले तीन क्यूब ही तीन वेगळी साक्ष होत नाही.

एम २५ काँक्रीट म्हणजे २५ सरासरी नव्हे. २५ च्या खाली शंभरातले ५ पेक्षा जास्त रिझल्ट जाऊ नयेत, असा त्याचा अर्थ. आता समजा दोन साइट आहेत, दोन्हीकडे सरासरी ३०. पहिलीकडे स्टँडर्ड डेव्हिएशन (पसारा मोजायचा आकडा) २, दुसरीकडे ५. पहिलीकडे २५ च्या खाली हजारात जेमतेम ६ रिझल्ट जातील, दुसरीकडे शंभरात १६. रिपोर्टवर दोघांची सरासरी अगदी सारखी, पण दुसऱ्या इमारतीतला साधारण सहावा हिस्सा माल कमजोर. मिक्स डिझाइनमध्ये (सिमेंट, रेती, गिट्टी, पाणी किती घ्यायचं ते ठरवताना) म्हणूनच टार्गेट स्ट्रेंथ, म्हणजे गाठायची सरासरी, काढताना २५ मध्ये १.६५ गुणिले स्टँडर्ड डेव्हिएशन मिळवतात. हातात जुना डेटा नसेल तर एम २५ साठी कोड ४ धरायला सांगतो, त्यामुळे ३१.६ येतं. ज्याचं बॅचिंग ढिसाळ आहे आणि पसारा ६ आहे त्याला ३४.९ गाठावं लागेल, म्हणजे सिमेंट जास्त, खर्च जास्त. उलट ज्याचा पसारा अगदी कमी त्यालाही २०१९ च्या आयएस १०२६२ (मिक्स डिझाइनचा कोड) प्रमाणे २५ अधिक ५.५ च्या खाली उतरता येत नाही. पसारा स्वतःच्या डेटावरून ठरवायचा तर निदान ३० रिझल्ट हवेत.

पास-फेलचा नियमही आतून स्टॅटिस्टिकल टेस्टच आहे, लोक तो पाठ करतात पण कुठून आला ते बघत नाहीत. लागोपाठच्या चार रिझल्टची सरासरी २५ अधिक ०.८२५ गुणिले स्टँडर्ड डेव्हिएशन, किंवा २५ अधिक ३, यातलं जे मोठं असेल त्याच्या खाली जाऊ नये आणि एकटा रिझल्ट २२ च्या खाली नको. हे ०.८२५ कुठून आलं? चार रिझल्टच्या सरासरीचा पसारा एकट्या रिझल्टच्या निम्मा असतो, कारण चारचं वर्गमूळ दोन. १.६५ मधून त्याचं निम्मं वजा केलं की ०.८२५ उरतं. एवढं एकदा समजलं की नियम कधी विसरत नाही.

आणि पसारा फार कमी असला तरी सावध व्हायचं. एका साइटवरून (नाव नको) आमच्याकडे क्यूब रजिस्टर तपासायला आलं होतं, सहा महिन्यांचे रिझल्ट, सगळे ३१.१, ३१.३, ३१.२, ३१.४. उन्हाळा येऊन गेला, पाऊस येऊन गेला, सिमेंटचे लॉट बदलले असणार, पण आकडा हलायला तयार नाही. असे क्यूब फुटत नाहीत, ते टेबलावर बसून लिहिले जातात. मला त्याचा आजही राग येतो कारण त्या छताखाली कोणीतरी राहायला जाणार असतं.

दोन ढिगांत फरक आहे की नाही

दोन सिमेंट, दोन प्लांट, दोन लॅब यांची तुलना करायची असली की टी-टेस्ट लागते. समजा पहिल्या सिमेंटचे सहा रिझल्ट ३१, ३४, २९, ३३, ३०, ३५ आणि दुसऱ्याचे ३३, ३६, ३०, ३५, ३२, ३८. सरासरी ३२ आणि ३४. सप्लायर लगेच म्हणणार बघा साहेब, आमचं दोनने वर. पण दोन्हींचा मिळून पसारा काढला तर २.६५ येतो, त्यावरून या फरकाची स्टँडर्ड एरर (सरासऱ्यांमधल्या फरकाचा स्वतःचा पसारा) १.५३, आणि दोनला १.५३ ने भागलं की टी येतो १.३१. दहा डिग्री ऑफ फ्रीडमला (बारा रिझल्ट उणे दोन सरासऱ्या) ५ टक्क्यांच्या पातळीवर, म्हणजे नुसत्या योगायोगाला शंभरात पाचच संधी ठेवून, टी २.२२८ च्या वर जायला हवा. नाही गेला. म्हणजे दोन्ही सिमेंट सारखीच असती तरी एवढा फरक नुसत्या योगायोगाने सहज आला असता. याचा अर्थ दोन्ही एकसारखी आहेत हे सिद्ध झालं असा नाही हं, अर्थ एवढाच की सहा-सहा रिझल्टवरून सांगता येत नाही, अजून क्यूब भरा. एकाच सॅम्पलचे क्यूब निम्मे साइटच्या लॅबला आणि निम्मे बाहेर पाठवले असतील तर जोडीची टी-टेस्ट लावायची, ती जास्त बारीक पकडते कारण मालातला फरक दोन्हीकडे सारखाच असतो. तीन किंवा जास्त ढीग असले की अॅनोव्हा. चौकात मिनिटामिनिटाला येणाऱ्या गाड्या पॉइसन डिस्ट्रिब्युशनमध्ये (आपापल्या योगायोगाने येणाऱ्या गोष्टींच्या मोजणीचा नमुना) बसतात का ते काय-स्क्वेअर टेस्टने बघतात.

पी-व्हॅल्यू (खरा फरक नसताना एवढा किंवा याहून मोठा फरक योगायोगाने येण्याची शक्यता) ०.०५ च्या खाली आली की काम फत्ते असं समजू नये. वीस वेगवेगळ्या गोष्टी तपासल्या तर काहीच नसताना त्यातली एखादी नुसत्या नशिबाने ०.०५ च्या खाली येते, आणि थीसिसमध्ये नेमकी तीच छापली जाते.

काळी माती, मुरूम आणि कोरिलेशन

इंदूर माळव्याच्या पठारावर बसलंय, खाली दख्खनचा बेसाल्ट, त्याच्यावर कुठे मुरूम, कुठे काळी माती. रामबागेत किंवा लोकमान्य नगरात जुन्या मराठी घरांच्या भिंतींना पावसाळ्याआधी-नंतर उघडझाप करणारे तडे ज्यांनी बघितलेत त्यांना काळी माती समजावून सांगावी लागत नाही, पाणी मिळालं की फुगते, सुकली की भेगाळते. रस्त्यासाठी या मातीचा सीबीआर (कॅलिफोर्निया बेअरिंग रेशो, माती किती भार पेलते त्याची टक्केवारी) काढतात. नमुना साच्यात ठोकून भरायचा, चार दिवस पाण्यात ठेवायचा, मग ५० मिमी व्यासाचा प्लंजर २.५ मिमी आत जायला किती लोड लागतो ते बघायचं आणि १,३७० किलोशी टक्केवारी काढायची. भिजलेली काळी माती २-३ टक्क्यांवर बसते, कधी त्याहून खाली, म्हणजे ३ टक्के असला तर फक्त ४१ किलो. मुरूम १० च्या वर सहज जातो.

आता सीबीआरला आठवडा जातो आणि लिक्विड लिमिट (किती पाण्याला माती पातळ होऊन वाहू लागते), प्लॅस्टिसिटी इंडेक्स (पाण्याच्या किती पट्ट्यात ती मळता येते) हे इंडेक्स एक-दोन दिवसांत मिळतात, त्यामुळे सगळ्यांना वाटतं की इंडेक्सवरून सीबीआरचं सूत्र बांधावं. वाटण्यात चूक काही नाही, मातीशास्त्र अशा सूत्रांवरच उभं आहे. मातीशास्त्रातल्या टर्झागी आणि पेक यांनी कॉम्प्रेशन इंडेक्ससाठी (भाराखाली माती किती दबेल तो आकडा) ०.००९ गुणिले (लिक्विड लिमिट उणे १०) असं दिलं ते असंच डेटावरून आलेलं, काँक्रीटचा इलॅस्टिक मॉड्युलस (ताठपणा) ५,००० गुणिले ताकदीचं वर्गमूळ हेही तसंच. पिअर्सनचा आर, म्हणजे कोरिलेशनचा आकडा, उणे एकपासून अधिक एकपर्यंत जातो, त्याचा वर्ग केला की एका गोष्टीतल्या चढउताराचा किती हिस्सा दुसरीने समजतो ते कळतं. ०.७ चा वर्ग ०.४९, म्हणजे ऐकायला भारी वाटणाऱ्या ०.७ ने निम्मी गोष्टही पुरती सांगितली नाही. आणि सॅम्पल किती आहेत ते तर बघायलाच हवं: पाच नमुन्यांवर आर ०.८७८ च्या वर असेल तरच ५ टक्क्यांच्या पातळीवर तो टिकतो, दहा असतील तर ०.६३२, तीस असतील तर ०.३६१ पुरतो.

सगळ्यात मोठा घोळ मिसळीचा. निम्मे नमुने काळ्या मातीचे आणि निम्मे मुरमाचे एकाच ग्राफवर (आडवा प्लॅस्टिसिटी इंडेक्स, उभा सीबीआर) टाकले की एका कोपऱ्यात एक ढीग, समोरच्या कोपऱ्यात दुसरा, मध्ये रिकामं, आणि आर येतो उणे ०.९ च्या आसपास. विद्यार्थी खूश होतो. पण नुसत्या काळ्या मातीचे ठिपके वेगळे काढले तर आर कधीकधी जवळजवळ शून्यावर येतो. त्या ०.९ ने एवढंच सांगितलं की काळी माती आणि मुरूम वेगळे असतात, आणि ते तर खणणाऱ्या मजुरालाही फावडा मारताच कळतं. म्हणून आर काढायच्या आधी ग्राफ काढायचाच. अॅन्सकोंब यांनी १९७३ मध्ये अकरा-अकरा ठिपक्यांचे चार संच बनवून दाखवले, चारांचा आर ०.८१६, सरासऱ्याही त्याच, पण ग्राफ बघितले तर एकात सरळ कल, एकात कमान, आणि बाकी दोघांत एकेका ठिपक्याने अख्खी रेषा ओढून नेलेली. नातं सरळ रेषेचं नसेल पण चढतं-उतरतं असेल, किंवा आकडे गुणांकनाचे असतील (रस्त्याची अवस्था १ ते ५ वगैरे), तर स्पिअरमनचा क्रमांकांवरचा सहसंबंध घ्यावा.

रस्त्याच्या डिझाइनला तरी सरासरी सीबीआर घेत नाहीत हे बरं आहे. २०१८ चा आयआरसी ३७ (इंडियन रोड्स काँग्रेसचा डांबरी रस्त्यांचा कोड) मोठ्या महामार्गांसाठी ९० पर्सेंटाइल घ्यायला सांगतो, म्हणजे असा सीबीआर की त्याच्याइतके किंवा त्याच्याहून जास्त ९० टक्के नमुने असतील.

रिबाउंड हॅमरचंही (काँक्रीटवर आपटून उसळीवरून ताकदीचा अंदाज देणारं उपकरण) हेच. हॅमर आपटला, आकडा आला, हॅमरवर चिकटवलेल्या कर्व्हवरून ताकद वाचली, झालं असं नाही. कोड स्वतः सांगतो की अंदाज २५ टक्क्यांनी इकडेतिकडे जाऊ शकतो. जुन्या काँक्रीटचा पृष्ठभाग कार्बोनेशनने (हवेतल्या कार्बन डायऑक्साइडमुळे) कडक होतो, मग हॅमर आतल्या मालापेक्षा जास्त दाखवतो. त्याच इमारतीतून थोडे कोअर (ड्रिलने कापलेले काँक्रीटचे गोल तुकडे) काढून, ते फोडून त्यांच्याशी हॅमरचं कोरिलेशन बांधलं तरच त्याला अर्थ.

मागचा इतिहास

टी-टेस्ट १९०८ मध्ये गॉसेट यांनी ‘स्टुडंट’ या टोपणनावाने छापली, ते गिनेसच्या दारूच्या कारखान्यात होते आणि त्यांचीही अडचण आपल्यासारखीच, नमुने थोडे आणि निर्णय मोठा. कोरिलेशनची कल्पना गॉल्टनची, १८८८ ची, गणित बसवलं कार्ल पिअर्सन यांनी, आणि हेच पिअर्सन १९०४ मध्ये अॅचर्लींबरोबर दगडी धरणांच्या स्थिरतेवरही लिहून गेलेत, हे आपल्या मुलांना कोणी सांगत नाही. आपल्याकडे संख्याशास्त्रज्ञ महालनोबिस. १९२२ च्या उत्तर बंगालच्या पुरानंतर इंजिनिअरांना पाणी अडवायला महागडे तलाव बांधायचे होते, महालनोबिसांनी सुमारे ५० वर्षांचा पाऊस आणि पूर जुळवून दाखवलं की त्याचा उपयोग नाही, पाणी लवकर वाहून जायला वाट हवी. १९२६ मध्ये ओडिशात ब्राह्मणी नदीला पूर आला तेव्हा नदीचं पात्र वर आलंय म्हणून बांध उंच करा असा सल्ला होता. यांनी सुमारे ६० वर्षांचा डेटा काढला, पात्र वर आलेलंच नव्हतं. कोलकात्याची इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूट निघाली त्यानंतर, १९३१ मध्ये.

पाऊस आणि पूर

इथे गुम्बेलचं डिस्ट्रिब्युशन वापरतात, वर्षातला सगळ्यात मोठा पूर घेऊन पुढचा अंदाज बांधायला. ‘शंभर वर्षांतून एकदा येणारा पूर’ या शब्दांनी फार गैरसमज केलाय, एकदा आला की आता शंभर वर्षं सुट्टी असं लोक धरून चालतात. त्याचा अर्थ दर वर्षी १ टक्का शक्यता. ५० वर्षं उभा राहणाऱ्या पुलाला असा पूर एकदा तरी बघावा लागायची शक्यता ३९.५ टक्के आहे. पाऊस वाढतोय की कमी होतोय हे बघायला मान-केंडॉल टेस्ट आणि वाढीचा वेग काढायला प्रणवकुमार सेन यांची १९६८ ची पद्धत, दोन्हींना डेटा नॉर्मल असण्याची गरज नाही, एखाद्या वर्षीच्या राक्षसी पावसाने त्या फारशा डगमगत नाहीत. पण पर्जन्यमापक मधल्या काळात दुसऱ्या गच्चीवर हलवला असेल, शेजारी उंच इमारत उठली असेल, तर टेस्ट कल दाखवेल आणि तो कल आभाळाचा नसून गच्चीचा असेल, म्हणून आधी जवळच्या दोन-तीन केंद्रांच्या बेरजांशी आपली बेरीज ग्राफवर जुळवून बघतात, याला डबल मास कर्व्ह म्हणतात, आणि रेषा जिथे मोडते त्या वर्षाची जुनी वही उघडून तिथे काय बदललं ते शोधतात.