पहिला कन्सोल कोणता घ्यावा? आमची पसंती आणि तिची कारणं

दुकानात चौकशीला येणाऱ्यांत निम्मे तरी मुलांच्या हट्टापायी आलेले आई-बाबा असतात. त्यांना तुलनेचा तक्ता नको असतो, एक नाव हवं असतं. म्हणून नाव आधी सांगतो: पीएस४ स्लिम (टीव्हीला जोडून गेम खेळायचा सोनीचा प्लेस्टेशन ४, त्याचं बारीक मॉडेल), डिस्कवाला, सेकंडहँड.

हे मॉडेल २०१६ साली बाजारात आलं. या धंद्याच्या हिशेबाने ते म्हातारंच झालं. नवा पीएस५ विकण्यात आम्हाला जास्त सुटतं हेही खरं. तरी पहिला कन्सोल म्हणून आम्ही पीएस४ स्लिम काढून दाखवतो, कारण तो उघडता येतो, त्याचे पार्ट मिळतात आणि त्याच्या डिस्क परत विकता येतात.

डिस्कचं आधी बोलू. ऑनलाइन घेतलेला गेम तुमच्या अकाउंटला चिकटतो. खेळून कंटाळा आला तरी तो कुणाला देता येत नाही. डिस्क मात्र मित्राला देता येते, आमच्याकडे आणून बदलून नेता येते. फुटबॉलचा मागच्या वर्षीचा गेम देऊन वरचे थोडे पैसे भरून या वर्षीचा नेणारी पोरं आमच्याकडे नेहमीची आहेत. एक लक्षात ठेवा, गेम हार्डडिस्कवर उतरला तरी खेळताना डिस्क आत लागतेच. एकदा उतरवून घेतो आणि डिस्क परत देतो, असं चालत नाही. पुढे पीएस५ घेतलात तर पीएस४च्या जवळपास सगळ्या डिस्क त्यावर चालतात, फक्त तो डिजिटल एडिशन, म्हणजे डिस्क ड्राइव्हशिवायचा, नसावा. मायक्रोसॉफ्टचा एक्सबॉक्स सिरीज एस स्वस्त आहे, आटोपशीर आहे, पण त्याला डिस्कची खाचच नाही. ज्यांचं इंटरनेट चांगलं आहे आणि गेम विकायचे नाहीत, त्यांनी तो खुशाल घ्यावा.

आता दुरुस्ती. पीएस४ स्लिममध्ये लॅपटॉपला लागते तीच अडीच इंची हार्डडिस्क असते. मागच्या कोपऱ्यातलं छोटं झाकण ओढलं, एक स्क्रू काढला की ट्रे बाहेर येतो. त्यात साधी साटा एसएसडी (हार्डडिस्कच्या जागी बसणारी, जास्त वेगवान साठवण) बसवली तरी चालते. त्यानंतर पेन ड्राइव्हवरून सिस्टीम सॉफ्टवेअर पुन्हा टाकावं लागतं. सेव्ह केलेला डेटा आधी दुसऱ्या पेन ड्राइव्हवर घ्या, नाहीतर मुलाची महिनोन्‌महिन्यांची मेहनत जाते आणि बोलणी आम्ही खातो. याउलट सुरुवातीच्या पीएस५चा डिस्क ड्राइव्ह त्याच्याच मदरबोर्डशी बांधलेला असतो. दुसऱ्या मशीनचा अख्खा ड्राइव्ह काढून लावला तर डिस्क वाचत नाही. नंतरच्या स्लिम पीएस५चा सुटा ड्राइव्हही पहिल्यांदा जोडताना इंटरनेटवरून नोंदवावा लागतो.

आमच्याकडे दुरुस्तीला येणाऱ्या पीएस४चं एक ठरलेलं दुखणं आहे आणि त्याचं मूळ आपल्या विजेत आहे. खेळ संपला की मुलं कन्सोल रेस्ट मोडला टाकतात, म्हणजे पूर्ण बंद न करता झोपवून ठेवतात. नारिंगी दिवा जळत राहतो. मग आई झोपण्याआधी भिंतीवरचं बटण बंद करते, किंवा लाइटच जाते. कन्सोलच्या लेखी दोन्ही सारखंच. पुढच्या वेळी तो ‘नीट बंद केला नव्हता’ म्हणून तक्रार करतो आणि स्टोरेज तपासत बसतो. असं वारंवार झालं की हार्डडिस्कला त्रास होतो. रेस्ट मोड वापरूच नका, पूर्ण बंद करा, आणि जमल्यास कॉम्प्युटरला लावतो तसा छोटा यूपीएस लावा. एवढं करूनही अडकला, तर बंद कन्सोलचं पॉवर बटण दाबून धरा. एक बीप होईल, बोट उचलू नका. साधारण ७ सेकंदांनी दुसरी बीप झाली की सोडा. सेफ मोड, म्हणजे दुरुस्तीचा मेनू, येतो. कंट्रोलर वायरने जोडा आणि ‘रीबिल्ड डेटाबेस’ निवडा. यात गेम पुसले जात नाहीत. ‘इनिशिअलाइज’ला मात्र हात लावू नका, त्याने सगळं जातं. बरेचदा एवढ्यानेच काम होतं आणि दुकानाची फेरी वाचते.

पीएस४ कुणी घेऊ नये तेही सांगतो. ज्याला जीटीए ६ हा नवा गेम खेळायचा आहे त्याने घेऊ नये. तो पीएस५ आणि एक्सबॉक्स सिरीज एस-एक्ससाठीच जाहीर झाला आहे. घरातल्या जुन्या पीएस२-पीएस३च्या डिस्क चालतील या आशेने घेऊ नका, चालत नाहीत. आणि आजोबांच्या नाट्यसंगीताच्या ऑडिओ सीडीही त्यात वाजत नाहीत. ब्लू-रे आणि डीव्हीडी चालते, साधी सीडी नाही. का, ते सोनीलाच माहीत.

निन्टेन्डो स्विच लहान मुलांसाठी सुरेख आहे, आम्हालाही आवडतो. पण २०१७ साली जगभर आलेला हा कन्सोल भारतात कंपनीने अधिकृतपणे आणलाच नाही. इथे मिळतो तो बाहेरून आलेला, त्यामुळे कंपनीची वॉरंटी इथे मिळत नाही. जॉय-कॉनची, म्हणजे त्याच्या कंट्रोलरची, काडी आपोआप सरकायला लागली तर खर्च तुमचा. अमेरिकेतल्या मामाने पाठवलेला जुना एक्सबॉक्स ३६० असेल, तर त्याचा अडॅप्टर तिकडच्या विजेचा असतो. आपल्या २३० व्होल्टच्या प्लगमध्ये तो थेट खुपसू नका, आधी आम्हाला दाखवा.

सेकंडहँड कन्सोल आमच्याकडून घ्या किंवा बाहेरून, पैसे देण्याआधी दुकानातच चालू करून बघा. डिस्क दोन-तीनदा आत-बाहेर करा. एचडीएमआयची, म्हणजे टीव्हीला जोडणारी, वायर हलकेच हलवा, चित्र लुकलुकलं तर पोर्ट सैल आहे. स्वतःच्या अकाउंटने ऑनलाइन लॉग-इन करा, कारण कंपनीने बंदी घातलेला कन्सोल बाहेरून अगदी धडधाकट दिसतो. पंख्याचा आवाज जास्त असेल तर घाबरू नका. धूळ साफ करून थर्मल पेस्ट (चिपची उष्णता बाहेर नेणारा लेप) बदलली की बहुतेक वेळा तो शांत होतो.

जुना कन्सोल आम्हाला विकायला आणताना ‘प्रायमरी पीएस४’ ही नोंद (हा कन्सोल तुमच्या अकाउंटचा मुख्य असल्याची) घरीच काढा आणि मग इनिशिअलाइज करा. पासवर्ड चिठ्ठीवर लिहून आणू नका, आम्ही तो मागतही नाही. कंट्रोलर, पॉवर केबल आणि असेल तर बिल बरोबर आणा. बिल असलं की भाव थोडा बरा देता येतो.