पोनी गोंडस दिसतोय, पण बरगड्या कुठे गेल्या?

ब्रिटनमध्ये उन्हाळाभर काउंटी-काउंटीत घोड्यांचे शो चालतात, त्यातले तिथल्या देशी पोनींचे, म्हणजे लहान चणीच्या घोड्यांचे, क्लास (स्पर्धेचे गट) कधी यूट्यूबवर बघितलेत तर पहिलं काय मनात येतं, की काय तकाकी आहे राव, काय गोलमटोल अंग, एक हाड दिसत नाही कुठे. आपल्याला तर ते जरा जास्तच भारी वाटतं, कारण आपण लहानपणापासून बघितलेले घोडे म्हणजे टांग्याचे नाहीतर माथेरानचे, त्यातल्या कितीकांच्या बरगड्या लांबूनच मोजता याव्यात, त्यामुळे गुबगुबीत घोडा दिसला की हा खात्यापित्या घरचा, मजेत असणार, असं आपण धरूनच चालतो. घोड्यांचे डॉक्टर मात्र तेच अंग बघून कपाळाला हात लावतात.

मुळात हे पोनी कुठले ते बघा. शेटलँड पोनी स्कॉटलंडच्या उत्तरेकडच्या बेटांवरचा, उंची जास्तीत जास्त ४२ इंच, गार वारा आणि खुरटं गवत यावर पिढ्यानपिढ्या जगलेला. १८४२ च्या कायद्याने बायका-मुली आणि १० वर्षांखालच्या पोरांना खाणीत उतरवणं बंद झालं तेव्हा कोळशाच्या गाड्या ओढायला यांनाच खाली नेलं. वेल्श, एक्समूर, डार्टमूर, हायलँड सगळे त्याच पठडीतले, डोंगराळ आणि पाणथळ माळावरचे. यांचं शरीर ठरलेल्या चक्रावर चालायचं, म्हणजे उन्हाळ्यात हाणून खायचं, चरबी साठवायची आणि हिवाळ्यात ती जाळून वसंतात हडकुळं होऊन बाहेर यायचं. आता त्यातला हिवाळाच आपण काढून टाकला! अंगावर जाड रग, डोक्यावर तबेल्याचं छप्पर, वर बादलीभर खुराक. साहजिकच आधीच जाड असलेला पोनी नवीन हिरव्या गवतावर सुटतो.

आणि खातो किती? मोकळा सोडलेला पोनी दिवसाला स्वतःच्या वजनाच्या ५ टक्क्यांपर्यंत कोरडा चारा (म्हणजे गवतातलं पाणी वगळून धरलेलं वजन) पोटात ढकलू शकतो. वजन कमी करायचं असेल तर डॉक्टर साधारण दीड टक्का सांगतात. २०१४ मध्ये ब्रिस्टलच्या संशोधकांनी बाहेर राहणारे साधे पाळीव घोडे आणि पोनी तपासले तर हिवाळा संपताना २७ टक्के लठ्ठ होते, उन्हाळ्यात ३५ टक्के. हे शोचे नव्हते बरं का, साधे घरचे.

मग शोमध्ये काय वेगळं होतं? तिथे चरबीला बक्षीस मिळतं, माझ्या मते सगळी गोम इथेच आहे. घोडेवाल्यांमध्ये एक जुना विनोद आहे की घोड्याला सगळ्यात शोभणारा रंग म्हणजे चरबी. मागचा भाग कमजोर असो, मान बारीक असो, पाठ जरा लांब असो, वर थर चढला की सगळं झाकलं जातं. पाठीवरचे आणि मानेचे स्नायू कमवायला महिनोन्महिने नीट काम करून घ्यावं लागतं, चरबीला फक्त बादली लागते. त्यातून तो मानेवरचा उंचवटा, क्रेस्ट म्हणतात त्याला, वयात आलेल्या स्टॅलियनला, म्हणजे खच्ची न केलेल्या घोड्याला, तो निसर्गतःच असतो म्हणून रुबाबदार वाटतो, पण घोडीला किंवा खच्ची केलेल्या घोड्याला तसाच टणक उंचवटा आला तर ती चरबी असते, आणि इन्सुलिनची गडबड सुरू झाल्याची ती एक मोठी खूण मानतात.

इन्सुलिनचं नाव आलं म्हणजे खुरांकडे जावं लागणार. घोड्याच्या खुराच्या आत एक हाड असतं आणि ते खुराच्या भिंतीला साधारण ५५० ते ६०० बारीक पापुद्र्यांनी धरलेलं असतं, प्रत्येक पापुद्र्याला आणखी शंभराहून जास्त उपपापुद्रे, म्हणजे समजा वेल्क्रोच्या दोन पट्ट्या एकमेकींत घट्ट बसल्यात. अख्ख्या जनावराचं वजन या पकडीवर लटकतं. लॅमिनायटिस झाला की ही पकड ढिली पडते, हाड आत फिरतं नाहीतर खाली बसतं, कधीकधी तळव्यातून बाहेरसुद्धा येतं. पोनी पुढचे पाय लांब टाकून टाचांवर भार देऊन उभा राहतो, वळायला तयार नसतो. असह्य दुखणं असतं ते आणि बऱ्याच जणांना शेवटी इंजेक्शन देऊन कायमचं झोपवावं लागतं.

आधी वाटायचं की हे सगळं पोटातून येतं, जास्त धान्य खाल्लं, आतडं बिघडलं वगैरे. ते होतंच. पण २००७ मध्ये ऑस्ट्रेलियात एक प्रयोग झाला, धडधाकट पोनींना सलाइनमधून इन्सुलिन दिलं, साखर नॉर्मल ठेवली, पोटाला हातही लावला नाही, आणि ७२ तासांत त्यातल्या प्रत्येक पोनीला लॅमिनायटिस झाला (प्रयोग क्रूरच, पण उत्तर लख्ख मिळालं). आता हे जोडून बघा. लठ्ठ पोनीचं शरीर इन्सुलिनला दाद देईनासं होतं, म्हणून ते रक्तात जास्त सुटतं, वरून साखरेने भरलेलं वसंतातलं गवत. म्हणजे जो थर रिंगणात शोभतो तोच खुरापर्यंत पोचतो.

शोवाले म्हणतात, आमचे घोडे रोज काम करतात, आणि कॉब (दणकट, आखूड पायांचा घोडा) किंवा वेल्श मुळातच रुंद असतो. यात तथ्य आहे, व्यायामाने इन्सुलिनचं काम सुधारतं आणि रुंद छातीचा सांगाडा म्हणजे काही चरबी नाही. पण म्हणूनच डोळ्यावर भरवसा ठेवू नये ना, हात लावून बघा. १९८३ मध्ये टेक्सासमध्ये हेनेके आणि मंडळींनी १ (अगदी हडकुळा) ते ९ (फार लठ्ठ) असा स्कोअर बनवला, त्यात मान, खांदवा, खांद्यामागची जागा, बरगड्या, कंबर आणि शेपटीचं मूळ अशा सहा जागा चाचपायच्या, ५ म्हणजे ठीक. बरगड्या दिसायला नकोत पण बोटांना सहज लागायला हव्यात. ब्रिटनमध्ये हॅक, हंटर, कॉब अशा स्वारीच्या घोड्यांच्या क्लासला जज स्वतः घोड्यावर बसून बघतात, इतक्या जवळ गेल्यावर बरगडीवर हात फिरवायला किती वेळ लागतो? आणि जाड पोनीला एकदा निकालात सरळ खालचा नंबर दिला ना, तर पुढच्या सीझनला तबेल्यातल्या बादल्या आपोआप लहान होतील, पत्रकं छापून ते होणार नाही.

घरी करायचं तर टेप घ्या. छातीचा घेर सेंटिमीटरमध्ये, त्याचा वर्ग, गुणिले खांद्याच्या टोकापासून पुठ्ठ्यापर्यंतची लांबी, भागिले ११,८८०, किलो येतात. घेर १५० आणि लांबी १२० असेल तर साधारण २२७ किलो, म्हणजे दीड टक्क्याने दिवसाला ३.४ किलो कोरडा चारा. आकडा थोडा चुकला तरी चालेल, दर पंधरवड्याला त्याच जागी मोजलं की वजन कुठे चाललंय ते कळतं.

उपाशी मात्र अजिबात ठेवायचं नाही. शेटलँडसारख्या पोनीचं खाणं एकदम तोडलं तर साठलेली चरबी रक्तात उसळते, लिव्हर बसतं आणि जनावर जातं. त्यापेक्षा वाळलेलं गवत पाण्यात भिजवून साखर कमी करा, चरताना तोंडाला जाळीची मुसकी बांधा, तीन तासांत खाणं जवळजवळ ८० टक्क्यांनी कमी झाल्याचं मोजलंय. बर्मिंगहॅमचा हॉर्स ऑफ द इयर शो ऑक्टोबरमध्ये उरकतो, बऱ्याच शो पोनींना त्यानंतर सुट्टीच असते. तेव्हा रग काढा, बादलीतला खुराक बंद करा आणि मार्चपर्यंत त्याला जरा बारीक होऊ द्या.